शिक्क्याचं टेबल

प्रिय लांबडे,

नऊ वर्षांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलं-बिलं नाही. अक्षर कोंबडीच्या पायांचंच आहे. चौथीत शाळा सुटली त्यानंतर ते काही सुधारलं नाही, तेव्हा जमेल तसं वाच.

आपल्या विमा ऑफिसात मशीन येतंय. आलेले अर्ज तेच वाचणार, तारखेचा शिक्का तेच मारणार, कुठला कागद कुठल्या खात्यात जायचा तेही तेच ठरवणार. आपण दोघींनी समोरासमोर बसून बारा वर्षं जे केलं, ते म्हणे त्याला चहाच्या वेळेपर्यंत उरकेल. मला पहिल्या तारखेपासून दाराशी बसवणार आहेत, येणाऱ्यांना टोकन द्यायला. बसेन, त्यात काय.

काल टेबल हलवलं. खिडकीच्या फटीत आपण कोंबलेला पुठ्ठा अजून तिथेच होता. तू शिक्का मारता मारता सिनेमाची गोष्ट सांगायचीस आणि नायिका मरायला टेकली की तुझा हात हवेतच थांबायचा. मी खेकसायची, तिला मरू दे, तू हात चालव. माझा गठ्ठा अकरालाच संपायचा, तुझा जेवणाच्या सुट्टीपर्यंत रेंगाळायचा. मग तुझे उरलेले अर्ज मी ओढून घ्यायची. तुला वाटायचं मी उपकार करते. खरं म्हणजे गोष्टीचा शेवट कळल्याशिवाय मला घास गिळवत नसे.

मग ते बिनशिक्क्याचे अर्ज निघाले. त्यात एका बाईचा होता, नवरा गेलेली. शिक्का नाही म्हणून उशिरा आला असं धरून तिला परत पाठवलं. साहेबांनी विचारलं, हे कोणाच्या हातचं? मी पटकन म्हटलं, लांबडीचं लक्ष गोष्टीत असतं. महिनाअखेर तुला काढलं. तुझ्या जागी कोणी आलं नाही, पण पुढच्या टेबलावर तपासायला एक कारकून बसवला.

आता मशीनला काम शिकवायला एक इंजिनियर पोरगी आली आहे. मावशी, रोज करता तसंच करा म्हणाली, आणि तीन दिवस माझ्या हातांवर मोबाइल लावून बसली. काल ते चित्र हळू करून दाखवलं आणि साधेपणानं विचारलं, मावशी, मध्येच दोन कागद एकदम उचलता, ती पद्धत आहे का? मी बघितलं. स्पंजावर ओलं केलेलं बोट, घाई, दोन कागद चिकटलेले. वरच्या कागदावर शिक्का, खालचा तसाच पुढे. तासाभरात चारदा. कारकून म्हणाला, मी नऊ वर्षं तुमचे राहिलेले शिक्के मारतोय, तुमच्या तोंडाला कोण लागणार. तू प्रत्येक कागद फुंकर मारून सुटा करायचीस. त्यावरूनही मी तुला चिडवायची.

आज साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, आता मशीनच येतंय, उकरून काय उपयोग? मी म्हटलं, मशीनचं तुम्ही बघा, मला लिहून द्या. चूक तुझी नव्हती, माझी होती, असं त्यांनी लिहिलं, खाली मी सही केली. तो कागद सोबत आहे. तुझ्या घरच्यांना दाखव. माफी कशी मागतात ते मला येत नाही, म्हणून एवढं लिहावं लागलं. रविवारी सकाळी तुझ्याकडे येते. शिव्या द्यायच्या असतील तर तोंडावर दे, आणि मला मध्ये बोलू देऊ नकोस.

तुझीच,
टेबलापलीकडची बुटकी