श्रीदेवी, येण्यास तयार आहे

५ ऑक्टोबर २०२०, सोमवार
नोकरी लागली! वय साठ सांगितलं. अडुसष्ट म्हटलं असतं तर म्हणाले असते, आजीबाई, म्हाताऱ्यांनी घरात बसायचं, सरकारचा हुकूम हाय. जन्मभर कुंभारी गावात बसून विड्या वळल्या, आता जरा उभ्याचं काम बघू. नातीची, सिद्धेश्वरीची, शाळा मोबाईलात गेली आणि वह्या कोऱ्या राहिल्या. त्यातल्या एकीत लिहिते. चौथी शिकलेय, चुका हुडकू नका.

हापीस सोलापुरात, सात रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर. फोनवरून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, एवढाच त्यांचा धंदा. मी दारात उभी राहून कपाळाला तापाची बंदूक लावायची, आकडा वहीत लिहायचा, मग चहा. साहेब सोडून बारा माणसं, लेकरं गोड हायत. झीनत म्हणाली, अम्मा, बंदूक उलटी धरली की, स्वतःलाच उडवताय! सगळे हसले, मी पण.

तडवळकर साहेबानं मला वळखलं न्हाय. कसं वळखणार? माझी सून श्रीदेवी पाच वर्षं हितं कामाला होती. जुलैत करोनानं गेली, तर ह्यानं एक फोन केला न्हाय. पण मी त्याला वळखते. त्यासाठीच आलेय.

७ ऑक्टोबर, बुधवार
चहाच्या निमित्तानं झीनतकडून सगळं काढून घेतलं. जूनात पुण्याच्या मोठ्या हापिसातून विचारणा आली की माणसं हापिसात यायला तयार हायत का. साहेबानं खोक्याला भोक पाडलं आणि प्रत्येकाला मत लिहून टाकायला सांगितलं. झीनतनं लिहिलं, हेच काम घरून होतंय. कुणी लिहिलं बस बंद हाय, कुणी लिहिलं घरात बाळंतीण हाय. एकानं तर लिहिलं, साहेब, आधी तुम्ही केबिन सोडून आमच्यात बसा, मग येतो. दोघं तेवढे तयार होते, त्यातल्या एकाला बायकोपासून सुटका पाहिजे होती. साहेब खोकं घेऊन आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, तेराच्या तेरा तयार! पुण्याला कळवलं, सगळे आनंदानं येतायत.

माझ्या सुनेनं काय लिहिलं ते मला म्हाईत हाय. सासूला दमा आहे, मी येऊ शकत नाही. टाकायच्या आधी मला वाचून दाखवलं. कन्नडात सासूला अत्ती म्हणतात, तसं म्हणाली, अत्ती, तुमचा दमा एकदाचा कामाला आला. आमचं कधी पटलं न्हाय. तिच्या आमटीला चव नव्हती आणि माझ्या जिभेला हाड न्हाय. पण मत तिनं माझ्यासाठी लिहिलं होतं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
साहेब जेवायला गेला तेव्हा त्याचं कपाट झाडलं. खोकं तिथंच होतं. तेरा चिठ्ठ्या, पण हात एकाचाच. प्रत्येक ‘ये’ला लांब शेपटी, साहेबाच्या नोटिशीवर असते तशीच. श्रीदेवी, येण्यास तयार आहे. खाली तिची सही मराठीत. अरे येड्या, ती दुधनीची, कन्नड शाळेतली, जन्मभर सही कन्नडात केली तिनं!

चिठ्ठी चोळीत घातली. रडले न्हाय.

आमच्या लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करत न्हाईत. विभूती लावून, मांडी घालून, मातीत बसवतात. तिला पिशवीत बांधून आडवीच नेली. कुठं, काय केलं, दाखवलं न्हाय. ती बसायची राहिलीय.

१२ ऑक्टोबर, सोमवार
बारा लेकरांचे आकडे लिहून झाले. मग तेरावं कुणी आलं. तोंडाला हिरव्या इरकली काठाचा मास्क. तसले मी दोनच शिवले होते. एक माझ्या तोंडावर, दुसरा तिच्या तोंडावर पिशवीत गेला. सवयीनं बंदूक लावली तर आकडाच न्हाय, दोन इंग्रजी अक्षरं आली. झीनतला दाखवलं. म्हणाली, अम्मा, म्हणजे लई थंड. भिंतीला लावली का?

वळून बघितलं तर दारात कुणी न्हाय. कोपऱ्यातली श्रीदेवीची खुर्ची मागं सरकलेली. गादी दबलेली.

जवळ जाऊन हळूच म्हटलं, बस बाई. तुझीच हाय.

१४ ऑक्टोबर, बुधवार
श्रीदेवीच्या टेबलावरचा फोन दिवसभर वाजत होता. उचलला की नुसती धाप. साहेब चिडला, स्वतः उचलला. ठेवला तेव्हा तोंड राखेसारखं झालं होतं. चहा देताना विचारलं, साहेब, तिथं कोण बसायचं? म्हणाला, चांगली मुलगी होती, स्वतःहून कामावर आली.

स्वतःहून!

घरी येऊन त्याचं वळण गिरवलं, शेपटीसकट. तडवळकर, तिच्याशेजारी बसायला येण्यास तयार आहे.

१५ ऑक्टोबर
चिठ्ठी खोक्यात टाकली. आतून कुणीतरी ओढून घेतली. बोटं गार पडली.

१६ ऑक्टोबर
साहेबाला १०१. लेकरांना जिन्यातच सांगितलं, ताप हाय त्याला, घरी पळा. पळाली. साहेबाला म्हटलं ९८. वहीत पण ९८. दोन खुर्च्या मागं सरकल्या होत्या. तो एकीवर बसला. उठवेना म्हणाला—

२४ ऑक्टोबर
साहेब गेला. पिशवीत. आडवा. झीनत फोनवर रडत होती. मी चिमूटभर साखर खाल्ली.

२६ ऑक्टोबर
हापीस बंद. किल्ली माझ्याकडं, झाडायला गेले. दोन्ही खुर्च्यांच्या गाद्या दबलेल्या. त्यांच्यावर बंदूक धरली— तीच दोन अक्षरं. परत धरली— अक्षरं. खोक्यात नवी चिठ्ठी, माझ्या नावाची.

शिवबाई, येण्यास तयार आहे. ‘ये’ला शेपटी. पण खाली सही कन्नडात—

सूनबाई, तू पण?

फाडली. नात एकटी हाय घरी. तिचा बाप ट्रकवर, दिवाळीला येणार. मी उद्या जाणार न्हाय.

२७ ऑक्टोबर
जाणार न्हाय म्हटलं. दाराला कडी घातली, सिद्धेश्वरीचा हात धरून बसले.

तरी हितंच हाय. जिना कधी चढले— वही पण हातात—

तीन खुर्च्या.

धाप लागतीय. दमाच असंल. दमाच—

अत्ती म्हणतीय ती. गोड आवाजात. हयातीत कधी अशी बोलली न्हाय. अत्ती, बसा की.

सिद्धेश्वरीनं भात लावला असंल. वाट बघत—

ऐका, लिहून ठेवते, माझ्या हातानं, माझी सही. मी शिवबाई, येण्यास तयार न्हा