तुझ्या हाताबद्दल, लाजत लाजत

ती. दादा,

नमस्कार. वहिनीची कंबर आणि तुझी झोप दोन्ही ताळ्यावर असतील, असं धरून चालते. हे पत्र तुझ्या उजव्या हाताबद्दल आहे. खरं तर हेच पहिलं वाक्य व्हायचं होतं. पण धीर होईना म्हणून वहिनीची कंबर पुढे केली.

तुला माहीतच आहे, मी पोटासाठी उंदरांच्या मेंदूचे पातळ काप करते. मध्यमेंदूत मधोमध सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी असतात आणि दोन्ही अंगांना डोपामीन बनवणाऱ्यांची पट्टी. (माणसात ती काळी दिसते, उंदरात आम्हाला रंग चढवावा लागतो.) ही पट्टी झिजली की कंपवात होतो, हालचाल मंदावते, चालताना एखादा हात झुलेनासा होतो. एवढं कळलं की माणसाने गप्प बसावं. मी बसले नाही.

आमच्या हेडक्लार्कचा निरोप समारंभ होता. भेटवस्तू घ्यायला ते उठून चालू लागले, तर डावा हात अंगाला चिकटलेला! चहाचा कप खाली ठेवून मी भर सभेत त्यांना पेशी समजावल्या. लक्षण दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात, हेही सांगितलं. (का सांगितलं? तर खरं होतं म्हणून. खरं असणं आणि सांगण्याजोगं असणं यातला फरक मला चाळिशी उलटली तरी कळत नाही.) त्यांच्या बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. मग बिचाऱ्यांनी हात वर केला. लग्नातल्या कोटाची शिवण काखेपासून कमरेपर्यंत उसवली होती, ती झाकायला हात दाबून धरला होता. त्यांच्या बायको म्हणाल्या, "बाई, काखेत दर वेळी कळसाच असतो असं नाही, कधी भोकही असतं." तेव्हापासून ऑफिसात मी 'मेंदूमावशी'. यापुढे निदान करायचं ते मेलेल्या उंदरांचंच, अशी शपथ घेतली.

आणि गेल्या महिन्यात तू मला सोडायला फाटकापर्यंत आलास. डावा हात झुलत होता, उजवा नाही. तुझी काखही मी चोरून पाहून घेतली, दादा. शर्ट धड होता. तरी "बरंय, येते" एवढंच म्हणाले. हेडक्लार्कपुढे तोंड उघडल्याची लाज एक वेळ पचली. तुझ्यापुढे मिटल्याची पचत नाही. मी डॉक्टर नाही. तुझा नुसता खांदा आखडला असेल. पण दाखवून ये.

तुझी,
धाकटी

ता. क. 'दाखवून ये' हे नुसतं म्हणायला. शुक्रवारी सकाळची वेळ मी घेऊनही ठेवली आहे. वहिनीला फोन केला तर म्हणते कशी, "मला केव्हाचं दिसतंय हो, वन्सं. तुम्हालाच कळवलं नाही. तुम्ही लगेच मेंदू कापायला घेता."

ता. क. २. मीही येतेय. डॉक्टरांपुढे मला बोलू देऊ नकोस. त्यांनी "काही नाही" म्हटलं, तर तिथल्या तिथे मला पोटभर हस. मी त्यासाठीच येतेय.