रघुनाथरावांकडचं लग्न

रत्नागिरी, १२ मे २०२५

ती. स्व. मामांस, दर्शनाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हांला फोनवर धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखंही नाही, म्हणून लिहिते. आपल्या ऑफिसातल्या रघू शिपायाच्या मुलीचं, वेदिकाचं काल लग्न झालं. आम्ही सगळे गेलो होतो. रघू फेटा बांधून दारात उभा. त्याला नमस्कार करावा की नुसतं हसावं, कुणालाच सुचेना.

मला व्याह्यांशेजारी बसवलं. ते त्याला रघुनाथराव म्हणत होते. बोलता बोलता घसा सुकला आणि रघू, पाणी आण, असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो धावत जाऊन ट्रे घेऊन आला. थोड्या वेळाने व्याह्यांनीही त्याला रघू म्हणूनच हाक मारली आणि पाणी मागितलं. मामा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता काय करू?

मामींना नमस्कार. रागावलात तरी लोभ ठेवा.

तुमची,
दर्शना

राजापूर, १७ मे २०२५

चि. दर्शनास अ. आ.

तुझी मामी म्हणते, ही पोर लहानपणापासून जिथे जाईल तिथे पाणी मागते. मला मात्र हसू आलं नाही. तो नवा लागला तेव्हा रघुनाथचा रघू मीच केला. ऑफिसात माफी मागू नकोस, तिथे तो मान डोलावून कामाला लागेल. घरी जा, एकटी जा. अहो-जाहो कर.

जिवाला लावून घेऊ नकोस. आमची माया आहेच.

तुझा,
मामा

रत्नागिरी, २५ मे २०२५

ती. स्व. मामांस, शि. सा. न. वि. वि.

आज जाऊन आले. रघुनाथराव बनियनवर ओटीवर बसले होते. मला पाहताच आत गेले आणि ऑफिसचा गणवेश चढवून आले. मी खुर्चीवर, ते समोर उभे. बसा, बसा म्हणून मी थकले. त्यांच्या पत्नी तुळसाबाईंनी सरबत दिलं. व्याही आता फोनवरही रघूच म्हणतात, हे त्यांनीच हळूच सांगितलं.

मी माफी मागितली. ते घाबरले. रजेचा अर्ज रीतसर दिलाय, तरी हवं तर उद्यापासूनच हजर होतो, म्हणाले. मी उठले.

फाटकाबाहेर पडून मागे पाहिलं, तेव्हा कुठे ते बसत होते.

तुमचा लोभ तेवढा राहू द्या.

तुमची,
दर्शना