विज्याचे खोटे मासे वेंगुर्ल्याच्या पाण्यात

कोल्हापूर
ता. ९ नोव्हेंबर

श्री. विजयसिंहराव यांस,

उमर शिकलगारचा सलाम, घरातून लालबीची दुवा, आणि गल्लीत ज्यांना ज्यांना तुम्ही अजून आठवता त्या सगळ्यांचा नमस्कार (म्हणजे तिघांचा). तिकडं बोस्टनला थंडी पडायला लागली असेल, तरी कानाला बांधून बसावं. इकडं आम्ही बरे आहोत. माझी साखर डॉक्टरांच्या मशिनवर दोनशे दहा आणि लालबीला सांगितलेली एकशे तीस आहे. आपली प्रकृती कळवावी.

झालं. 'राव' आणि 'आपली' एवढ्यावर पुरे. विज्या, फोनवर कितीही लिहिलं तरी तू खाली नुसता एक अंगठा पाठवतोस. वाचलंस का, हसलास का, झोपलास का, काही कळत नाही. म्हणून आज कागद घेतला. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून एवढं लिहायची वेळ आली नव्हती. शेवटचं मोठं लिहिलं ते एका गिअरबॉक्सच्या तक्रारीचं, आणि तेही कुणी वाचलं नाही.

तर, तुझी पेटी गणपतीच्या आधी पोचली. पोस्टमननं कानाजवळ धरून हलवली आणि "काका, आत कायतरी खुळखुळतंय, औषधं हायत व्हय?" म्हणून विचारलं. मीही हो म्हणालो (नाहीतर तो उघडेपर्यंत हलला नसता). आत पाच खोटे मासे आणि तुझी चिठ्ठी: 'जादा होते, पडून होते, तुला पाठवतोय.' मासे काय देखणे रे! दोन लांबोडके, पेन्सिलीसारखे. दोन तोंड वासलेले, आपल्या ड्रॉइंगच्या मास्तरांसारखे. आणि एक पिवळा, ज्याच्या डोळ्यात बघितलं की तोच आपल्याला गळाला लावणार असं वाटतं. लालबीला वाटलं नातवंडांची खेळणी आहेत. तिनं पिवळा उचलला, आणि त्याच्या पोटाखालचा तीन नांग्यांचा गळ तिच्या पदरात रुतला. एक काढला की दुसरा रुतायचा. शेवटी मी पक्कड आणली आणि पदर थोडा कापावा लागला. तर तुझ्या माशानं कोल्हापुरात पहिली शिकार केली ती इरकल साडीची, हे नोंदवून ठेव. त्या दिवसापासून घरात तुझं नाव काढायचं झालं तर मी गच्चीवर जातो.

चिठ्ठीच्या मागं तू चित्रं काढून सगळं समजावलं होतंस. की हा मासा बुडत नाही, पाण्यावर तरंगतो. भल्या सकाळी, लाट फुटून पांढरं पाणी होतं तिथं लांब फेकायचा. मग काठीचं बूड दोन मांड्यांत धरायचं, एका हातानं काठी थरथर हलवायची आणि दुसऱ्या हातानं सावकाश रीळ गुंडाळायचं. म्हणजे तो जखमी माशासारखा डावीउजवीकडं तडफडत येतो, आणि तुमच्याकडचा तो पट्ट्यापट्ट्यांचा बास मासा खालून येऊन त्याला असा दणका देतो की पाणी उडतं. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: 'पाणी उडालं म्हणून ओढू नकोस. हाताला वजन लागेपर्यंत थांब.' वाचून मला वाटलं, एवढंच ना? (चाळीस वर्षं गाड्यांचे क्लच जोडलेल्या माणसाला असंच वाटतं.)

मागच्या खेपेला तू माझ्या माळ्यावर ठेवून गेलेली दहा फुटी काठी काढली, माशाचे गळ सोडवून ठेवले आणि सरावासाठी सकाळी रंकाळ्यावर गेलो. फेकलं झकास. मग तुझ्या चित्राप्रमाणं काठी मांड्यांत धरून थरथर सुरू केली. आता तूच विचार कर. अडुसष्ट वर्षांचा माणूस, डोळे पाण्यावर लावलेले, तोंड थोडं उघडं, आणि कमरेपासून वर सगळं अंग हलतंय. मागून एक फिरायला आलेले गृहस्थ ओरडले, "अवो धरा, धरा! पावण्यास्नी झटका आलाय!" चार जणांनी मला धरून कट्ट्यावर आडवं केलं. मी सांगतोय, "न्हाई ओ, मासा, मासा," आणि ते एकमेकांना सांगतायत, "बघा, बडबडाय लागलं." तोपर्यंत एकानं पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. अस्सल कातडी, करकरीत, तेल घातलेली. विज्या, आजवर मी कोल्हापुरी चप्पल पायात पुष्कळ घातली, पण नाकात जाण्याचा योग पहिलाच. तुझा खोटा मासा तोवर एकटाच तरंगत होता. एक बदक त्याच्याकडं बराच वेळ बघून निघून गेलं.

घरी न जाता मी तसाच झुंबरमावशीकडं गेलो. (घरी गेलो असतो तर चपलेचा वास कसला ते सांगावं लागलं असतं.) मावशी आता पंचाऐंशीच्या आहेत. घाटावर मासे विकायला बसणं सोडून बरीच वर्षं झाली, पण बसतात अजून नदीकडं तोंड करूनच. दोन्ही डोळ्यांत साय धरल्यासारखं झालंय. माणूस आवाजावरनं ओळखतात. मी पायरी चढलो तोच म्हणाल्या, "उमऱ्या, पाय घसटत चालतोस. म्हातारा झालास की."

तुला ते दिवस आठवतात का रे? आपण चौथीत होतो, आणि त्या असतील सत्तावीस-अठ्ठावीसच्या. शाळा चुकवून पाण्यात दगड मारत बसलो होतो, तर त्यांनी दोघांचे कान धरले. आपल्याला वाटलं आता घरी नेणार. तर त्यांनी कान धरूनच बांबूची काठी हातात दिली. पतंगाचा मांजा, मोराच्या पिसाच्या दांड्याचा तरंगता बुडा आणि ज्वारीच्या पिठाची गोळी. तुला पहिल्या दिवशी एक बोटभर मासा लागला, तो तू रुमालात बांधून खिशात घातलास आणि तीन दिवस विसरलास. तुमच्या घरात मासा चालायचा नाही, म्हणून पकडलेलं सगळं माझ्या अम्माकडं यायचं. ती कालवण करायची आणि तू सगळ्यात जास्त भाकरी खायचास. मग वास जावा म्हणून पेरूची पानं चावत घरी जायचास. तुझ्या वडिलांनी एकदा मला थांबवून विचारलं होतं, "आमच्या विज्याला शेळीची सवय कुठनं लागली रे?" अम्मा जाऊन बावीस वर्षं झाली. पेरूचं झाड अजून आहे. पानांना आता कुणी हात लावत नाही.

तर मावशींच्या हातात मी पिवळा मासा दिला. त्यांनी बोटांनी चाचपला, नाकाला लावला, गालाला लावला. "ह्येला वास न्हाई, जीव न्हाई. मासा खुळा हाय व्हय?" मी सगळं समजावलं. तरंगतो कसा, तडफडतो कसा, खालून दणका कसा बसतो. त्या म्हणाल्या, "म्हंजे विज्या समुद्रात हुबा ऱ्हाऊन खोटं-खोटं तडफडतोय म्हण की." तुझ्या अमेरिकेतल्या पस्तीस वर्षांचं एवढं नेमकं वर्णन मी कुणाकडून ऐकलं नव्हतं. मग मासा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "जलम पाण्याकडंला गेला, पर समुद्र बघितला न्हाई. डोळ्यांत उजेड हाय तंवर बघून घेऊ काय?"

मी नाही कसं म्हणणार? शुक्रवारी सकाळी माझ्या जुन्या व्हॅनमधून आम्ही तिघं निघालो. मी, मावशी आणि लालबी (ती देखरेखीला). गडहिंग्लजला चहा झाला, आजऱ्याला लालबीनं काजू घेतले आणि आंबोलीचा घाट उतरेपर्यंत संपवले. वळणांवर मावशी डोळे मिटून सीटला धरून बसल्या होत्या. एकदाच बोलल्या, "उमऱ्या, ही गाडी हाय का पाळणा?" वेंगुर्ल्यात लालबीची मावसबहीण असते, तिथं मुक्काम केला आणि शनिवारी सकाळी खाडी समुद्राला मिळते तिथं जाऊन उभे राहिलो.

विज्या, इथं मला जरा थांबू दे. मावशींनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि लालबीचा हात धरून पाण्यात गेल्या. पहिली लाट पायावरून गेली तेव्हा त्या दचकल्या. दुसरी गेली तेव्हा हसल्या. तिसरीचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. "खारट हाय की गा!" म्हणजे ऐकलेलं खरं निघालं याचंच त्यांना मोठं नवल. मग विचारलं, "विज्या कुठल्या अंगाला?" मी समोर पश्चिमेकडं त्यांचं बोट धरून दाखवलं. (मध्ये अरबस्तान आणि अख्खा आफ्रिका खंड आहे, आणि आपली पंचगंगा तर उलट्या बाजूच्या समुद्राला जाते. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या नाहीत.) त्यांनी तोंडाला हात लावला आणि घाटावरनं गिऱ्हाईकाला हाक मारावी तशी हाक मारली, "विज्याऽऽ! जेवलास काऽऽ?" जाळं आवरणारा एक कोळी पळत आला. त्याला वाटलं कुणीतरी बुडालंय.

हाक मारून झाल्यावर मी कामाला लागलो. पिवळा बांधला, फेकला, मांड्यांत काठी धरून थरथरलो. तो कोळी बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "पावण्यानू, ह्येका मासो गावाचो नाय." तेवढ्यात पाणी फुटलं! बादली उपडी करावी तसा आवाज. मी काठी अशी ओढली की खोटा मासा पाण्यातून उडून थेट माझ्या टोपीत येऊन रुतला. दुसऱ्यांदा फेकला, पुन्हा दणका, पुन्हा मी ओढलं, मासा माझ्या मागच्या वाळूत. तिसऱ्यांदा तर दणका बसायच्या आधीच, नुसती लाट फुटली तेव्हाच ओढलं. तुझ्या त्या दोन रेघा मला तोंडपाठ होत्या, पण डोळ्यांनी बघितलं की हात ऐकतच नव्हता. कोळी खाली बसून हसत होता. लालबी तर त्याच्याही आधी बसली होती.

मावशी म्हणाल्या, "काठी आण हिकडं."

मासा फेकून मी काठी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मांड्यांत वगैरे काही धरली नाही. काखेत घेतली, जशी बांबूची घ्यायच्या तशी, आणि मनगटानं तेवढं हळूहळू नाचवायला लागल्या. रीळ बाजूनं मी गुंडाळत होतो. मासा असा ऐटीत तडफडत यायला लागला की माझीच मान डावीउजवीकडं व्हायला लागली. आणि मग दणका बसला. मी ओरडलो, लालबी ओरडली, कोळीसुद्धा ओरडला, "वढ, म्हातारे!" मावशी ढिम्म. त्यांना पाणी उडालेलं दिसलंच नव्हतं. आम्ही तिघं नाचतोय आणि त्या मान तिरकी करून, तंगूस (रिळाची ती नायलॉनची दोरी) बोटावर घेऊन, कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारख्या उभ्या. मग हळूच म्हणाल्या, "आता आला," आणि काठी उचलली.

चोणक होता (मुंबईकडं ह्यालाच जिताडा म्हणतात). पावणेचार किलो. दहा मिनिटं त्यानं आम्हाला किनाऱ्यावर फिरवलं. मावशींनी काठी सोडली नाही, मी मावशींना सोडलं नाही आणि लालबीनं मला सोडलं नाही, अशी आमची रांग होती. वाळूत ओढला तेव्हा त्या त्याच्याजवळ बसल्या, डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवला आणि म्हणाल्या, "ह्येला पट्टं न्हाईत. विज्याचा न्हवं ह्यो. आपला हाय."

दुपारी लालबीच्या बहिणीनं त्याचं नारळाचं कालवण केलं. मावशींनी दोनदा भात घेतला. येताना घाटात त्या झोपल्या होत्या, आणि हाताची मूठ काठी धरल्यासारखी मिटलेली होती. मी गाडी चालवत होतो आणि मला सारखं वाटत होतं की मागच्या सीटवर अजून एक माणूस बसायला पाहिजे होता.

असो. आपल्या वयाला ही असली खेळणी शोभत नाहीत, तेव्हा आणखी काही पाठवण्याच्या खटपटीत पडू नये. वहिनींना सलाम. सुखरूप असावे, ही दुवा.

तुझा,
उमर

ता.क. : 'काही पाठवू नये' हे लालबी खांद्यावरून वाचत होती म्हणून लिहिलं. ती आता चहा करायला गेली. पिवळा मासा राहिला नाही. मावशींचं बघून मला चेव आला, मी माझ्या हातानं नवीन गाठ मारली आणि जोरात फेकला. तो गेला आणि तंगूस रिकामी परत आली. तसेच दोन पिवळे पाठव.

ता.क. दुसरा : वरचं खोड. मोनाचा फोन आला होता. (तुझ्या लेकीवर रागावू नकोस, मीच खोदून विचारलं.) जुलैत तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी गळ फेकायचा नाही म्हणून सांगितलं, आणि तू गॅरेजमधलं सगळं सामान लोकांना वाटून टाकलंस, एवढी एक पेटी सोडून. 'जादा होते, पडून होते' म्हणे! दोन दिवस मला तुझा इतका राग आला होता की पत्र लिहायला बसलो आणि उठलो. तर पिवळे मासे पाठवू नकोस. घेऊन ये. (खिशात नको, विमानात चढू देणार नाहीत. मोठ्या बॅगेत.) जानेवारीत समुद्र शांत असतो आणि व्हॅनमध्ये जागा आहे.

ता.क. तिसरा : खांद्याचं मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खांद्यानं कोण मासं धरतंय? ये म्हणावं."