मोह्याखाली पसरलेली लुगडी

१४ एप्रिल २००८
ता. तिरोडा

चि. संजूस,

आईचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत, तूही भिलाईत बरा असशील. क्वार्टर मिळालं, पंखा बसवला, अक्षयतृतीयेला योगेश्वरीला न्यायला येतो, हे सगळं वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मोह्याची फुलं पडताहेत आणि घरात कुणाला पाठ टेकायला सवड नाही.

मोह्यावरून आठवलं. तुझ्या बायकोनं काय केलं ते ऐक. नागझिऱ्यात ती गाईडचं प्रशिक्षण घेते हे तुला ठाऊक आहे. तिथून रोज एक भारी शब्द घेऊन यायची आणि तांदूळ निवडता निवडता माझ्यावर त्याची उजळणी करायची. 'जैवविविधता' मला लगेच समजली. एकाच बांधीत धान, बांधावर तूर, पाण्यात मासोळ्या आणि वर बगळे. पण 'शाश्वत वापर' काही केल्या डोक्यात शिरेना. "जाऊ दे, तुझा वाघच बरा," म्हणून मी उठले.

मग मोहा पडायला लागला. वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची आपली रीत. तुझ्या बाबूजींनी काडी काढली. योगेश्वरी डोक्यावर पदर घेऊन माझ्या मागे उभी. सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, म्हणून मला म्हणते, "आई, बाबूजीले म्हना, आग नोको लावा."

"कायले नोको?" हे झाडाकडे बघून म्हणाले.

"म्हना, या झाडाखाली एक तरी लहान मोहा दिसून राहिला का? जे उगवते थे दरसाल जळते. हे म्हातारं झाड पडलं तं मंग कुठं वेचावं?"

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. खरंच एकही रोप नव्हतं. बाबूजींनी काडी परत आगपेटीत ठेवली. तिनं माझी जुनी लुगडी झाडाखाली पसरली आणि फुलं अशी स्वच्छ मिळाली की माती झाडावी लागली नाही. "आई, शाश्वत म्हंजे येवढंच," ती म्हणाली. काय हुशार पोरगी आहे रे!

परवा तिची परीक्षा झाली, आम्ही दोघंही सोबत गेलो होतो. समोर साहेब लोक, मागे बाबूजी. मला वाटलं, ही आता पदर ओढून गप्प बसणार. पण तिनं मोह्याची सगळी गोष्ट खड्या आवाजात सांगितली. घरी येताना बाबूजी पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलले, "बेटी, मस्त बोलली." ती रस्ताभर डोळे पुसत होती. पास झाली. पावसाळा संपून जंगल उघडलं की कामावर घेणार आहेत.

आता इतका वेळ जे लिहायचं टाळलं ते लिहिते. काल ती भिलाईसाठी बॅग भरत होती. मी विचारलं, "अन् गाईडचं?" तर म्हणते, "त्यायले नोको सांगू आई. ते न्यायले येतीन, मी जाईन." तू बोलावलंस तर ती नाही म्हणणार नाही, आणि तिथे कधी तक्रारही करणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

बॅग मी रिकामी केली. ती माझ्यावर रुसली आहे, तूही रागावशील. रागव. अक्षयतृतीयेला जरूर ये, पण आधी एक दिवस तिच्या मागे जंगलात फिर आणि ती बोलते ते ऐक. त्यानंतरही 'चल' म्हणायला तुझी जीभ रेटली, तर म्हण.

तुझीच आई, पण या वेळी तिच्या बाजूची,
तुलसा