तिसऱ्या मजल्यावरची बेशुद्ध बाई

विहीणबाईंना,

नमस्कार. तुम्ही माझ्याहून तीन महिन्यांनी मोठ्या, असं लग्नाच्या बोलणीत ठरलं होतं, म्हणून नमस्कार मी आधी करते. (जन्माचा दाखला दोघींचाही कुणी पाहिलेला नाही, पण तो विषय आता नको.) तुमचे गुडघे, व्याह्यांचा खोकला आणि तुमचं शेजारणीशी चाललेलं भांडण, तिन्ही उताराला लागले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे ठीक. माझं कोपर सोललंय आणि कमरेवर एक निळा डाग आहे, त्याचं कारण पुढे येईलच. अक्षर माझं आहे. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा जिथे चुका दिसणार नाहीत तिथे नातीने रबर चालवलाय असं समजा.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. फोनवर पाऊण तास बोलून झाल्यावरही चार पानांचं बोलणं उरतं, याचं मला खरंच कौतुक वाटतं. (तुम्ही बोलताना श्वास कधी घेता, हे कोडं आमच्या घरात सात वर्षं चालू आहे. तुमचे जावई म्हणतात, नाकाने. मला पटत नाही.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, तुमच्या लेकीला, म्हणजे माझ्या सुनेला, या तीस तारखेपर्यंत नोकरीच्या पुढच्या तीन वर्षांवर सही करायची आहे, आणि ती मी करू देऊ नये. पेट्या जोडायचं काम, वेळ ना काळ, भोवती सगळे गणवेशवाले, पोर सहा वर्षांची, आणि सासू म्हणून माझा शब्द ती मोडणार नाही. मी फोनवर हो म्हटलं होतं. रविवारी तिला समोर बसवून सांगते, असंही म्हटलं होतं. रविवार गेला आणि मी काही बोलले नाही. का, ते सांगायचं म्हणून हे पत्र. लांब आहे. आधी चहा टाका.

तुमची लेक नक्की काय करते, हे सात वर्षांत तुम्हालाही कळलेलं नाही आणि मलाही. मी शेजारी ‘ऑफिसात आहे’ एवढंच सांगायचे. तर गोष्ट अशी. आग लागली, पूर आला, बस उलटली की तिघे धावतात. बंबवाले, पोलीस आणि अँब्युलन्सवाले. तिघांच्याही खांद्याला वॉकीटॉकी. पण ती वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या साहेबांनी, वेगवेगळ्या जातीची घेतलेली. त्यामुळे बंबवाला फक्त बंबवाल्याशी बोलतो आणि पोलीस पोलिसाशी. शेजारी शेजारी उभे राहिले तरी एकाचं यंत्र दुसऱ्याच्या यंत्राला ओळखत नाही. (तुमच्या दोन जावा आठवा.) सुनेने एक पेटी केली आहे, शिवणयंत्राच्या झाकणाएवढी. एका बाजूने आलेलं बोलणं ती दुसऱ्या दोन्हीकडे ओतते. ती पेटी तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर होती आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. मी तिच्यावर टेबलक्लॉथ टाकून वर फुलदाणी ठेवली, तर सून म्हणाली, आई, ती तापते. सात वर्षांत एवढी लांब वाक्यं ती माझ्याशी तीनच बोलली असेल. तुमचा गुण तिने अजिबात घेतलेला नाही.

पेटीपेक्षा साहेब अवघड निघाले. ती कुणाच्या टेबलावर राहणार, यावर आठ महिने गेले. आमचं बोलणं परक्यांनी का ऐकायचं, यावर आणखी सहा. शिवाय तिघांची भाषा निराळी. पोलीस आकड्यांत बोलणार, बंबवाले रंगांत, अँब्युलन्सवाले अक्षरांत. पेटीने जोडले तरी ऐकून करायचं काय? त्या काळात सून मला चहाच्या वेळी विचित्र प्रश्न विचारायची. आई, ‘मागचा जिना मोकळा आहे’ म्हटलं तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, मागच्या जिन्याने जाईन, दुसरं काय करणार! ती खाली मान घालून काहीतरी लिहायची. मला वाटलं, पोरीला झोप कमी पडतेय. (तुम्हाला तेव्हा मी हे कळवलं होतं आणि तुम्ही बदामाचं तेल पाठवलंत. ते मी गुडघ्यांना लावलं.)

आता माझा संबंध. खोट्या अपघाताच्या तालमीला त्यांना जखमी माणसं लागतात. तरुण पोरं झोपवली की हसतात, उठून फोन बघतात. म्हातारी माणसं पडून राहतात. सुनेने विचारलं नाही, तुमच्या जावयाने मला परस्पर देऊन टाकलं. पहिली तालीम गेल्या वर्षी झाली, पेटी यायच्या आधी. बंद पडलेलं कपड्यांचं तीन मजली दुकान, आत यंत्राने सोडलेला पांढरा धूर, आणि मी तिसऱ्या मजल्यावर, मनगटाला चिठ्ठी : पाय मोडला. बाजूला कपडे न घातलेले आठ-दहा पुतळे. बंबवाले आले, धुरात चाचपडले, आणि एक पुतळा उचलून घेऊन गेले. मग दुसरा नेला. तिसऱ्याला हात घालताना मी म्हटलं, भावा, मी इकडे. त्याने स्ट्रेचर मागवलं. म्हणजे कुणाकडून? आपल्या कंट्रोलकडून. त्यांनी पोलीस कंट्रोलला फोन केला, पोलिसांनी इस्पितळाला, इस्पितळाने अँब्युलन्सला. आणि अँब्युलन्स उभी कुठे होती? माझ्या खिडकीखाली. ड्रायव्हर दाराला टेकून नखं बघत होता. मी वरून हाका मारल्या तर पोलिसाने मला हात करून सांगितलं, आत जा, इथे तालीम चालू आहे. मोडक्या पायासकट मला खाली यायला एक तास दहा मिनिटं लागली. शेवटी भूक लागली म्हणून मी चालत उतरले.

दुसरी तालीम गेल्या बुधवारी झाली, आता पेटीसकट. दुकान तेच, पुतळे तेच. फरक इतकाच की, तिन्ही मोठे साहेब मैदानात खुर्च्या टाकून बसले होते आणि आज जमलं नाही तर पेटी कपाटात आणि सून घरी, हे आधीच ठरलेलं होतं. (विहीणबाई, खरं सांगते, सकाळी जिना चढताना मला वाटलं होतं की नाही जमलं तर बरंच, मला रविवारी वाईटपणा घ्यावा लागणार नाही.) या वेळी माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : बेशुद्ध. मला आवडलं. डोळे मिटून पडायचं आणि कुणाला उत्तर द्यायचं नाही. घरात हे सुख मिळत नाही.

वीस मिनिटांत एक बंबवाला वर आला. भरघोस मिशा, अंगाने कपाटाएवढा. त्याचा जोडीदार दुसऱ्या टोकाला शोधत गेला होता. मिशीवाल्याने मला उचललं, एक पाऊल कपडे घालून बघायच्या खोलीच्या लाकडी चौथऱ्यावर टाकलं, आणि फळी मोडून त्याचा पाय मांडीपर्यंत आत. मी पडले ती कोपरावर आणि कमरेवर. तो ओरडला नाही, फक्त ‘अगं आई’ म्हणाला. मी डोळे उघडले. फळीचा फाटका दात मांडीत घुसला होता आणि रक्त येत होतं, खरं, भरपूर. पुढचा जिना धुराने भरलेला. मागचं दार बघ्यांची गर्दी नको म्हणून पोलिसांनी कुलूप लावून बंद केलेलं. त्याचं वॉकीटॉकी खांद्यावरून निसटून घसरत माझ्या पायाशी आलं.

तो म्हणाला, आजी, पट्टा, दोरी, काहीतरी. पुतळ्याच्या गळ्यात शिंप्याची मोजपट्टी होती, ती मी काढली. तो सांगत गेला, वर बांधा, अजून वर, घट्ट, लाजू नका. मी म्हटलं, माझ्या वयात लाजायला वेळ नाही. पण त्याचा चेहरा पुतळ्यांसारखा होत चालला होता. मग मी ते यंत्र उचललं. तीन आठवडे टेबलावर सून नातीला शिकवत होती आणि मी लक्ष नसल्याचं दाखवत होते : बटण दाबायचं, एक श्वास घ्यायचा, मग बोलायचं, बोलून झालं की बटण सोडायचं. (श्वास न घेता बोललं तर पेटी जागी होईपर्यंत पहिला शब्द वाटेतच सांडतो.) मी दाबलं, श्वास घेतला आणि म्हटलं, तुमचा माणूस फळीत अडकलाय, मांडीतून रक्त वाहतंय, लवकर या.

विहीणबाई, मला भारावून जायची सवय नाही. तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही सगळ्या रडत होतात तेव्हा मी चपला मोजत होते. पण त्या वेळी जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. फुटक्या खिडकीतून माझाच आवाज वर आला. पोलिसाच्या खांद्यावरून आला, अँब्युलन्सच्या उघड्या दारातून आला, बंबाच्या छपरावरून आला, अर्धा अर्धा श्वास मागेपुढे. वाहतंय, वाहतंय, वाहतंय. अख्ख्या मैदानाने एकदम मान वर केली. तो नखं बघणारा ड्रायव्हरसुद्धा. आयुष्यभर मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तीनदा हाक मारल्याशिवाय कुणी ओ दिलेली नाही, आणि इथे एकदा बोलले तर सत्तर माणसं थांबली.

मग कुणीतरी साहेब विचारता झाला, कोण बोलतंय? मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावरची बेशुद्ध बाई. मग तो म्हणाला, बेशुद्ध बाईंनी बोलायचं नाही, कागदात तसं नाही. मी म्हटलं, बरं, मग मी पडते, तुम्ही कागद घेऊन वर या. त्यावर तिन्ही साहेब एकदम बोलायला लागले आणि नुसता खरखराट झाला.

तेवढ्यात एक आवाज आला. मी ओळखला नाही. थंड, सरळ, कुठे घाई नाही. ‘सगळे गप्प. फक्त तिसरा मजला बोलेल. तिसरा मजला, हे खरं आहे का?’ मी म्हटलं, रक्त खरं आहे. आवाज म्हणाला, ‘तालीम थांबली. हे खरं आहे. पोलीस, मागच्या दाराचं कुलूप उघडा. अँब्युलन्स, मागच्या जिन्याने स्ट्रेचर आणि पट्ट्या. बंब, लाकूड कापायची करवत, मागच्या जिन्याने. मागचा जिना मोकळा आहे.’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते वाक्य मी चहा पिताना ऐकलं होतं. ती तुमची लेक होती. मी बटण दाबून सांगणार होते की अगं, मी आहे, तर तिकडून आलं, ‘तिसरा मजला, बटण सोडा आणि गप्प राहा.’ मी सोडलं आणि गप्प राहिले. माझ्या मुलाला विचारा, असं पूर्वी कधी झालेलं नाही.

चार मिनिटं. मी मिशीवाल्याला बोलतं ठेवलं (त्याला दोन मुली आहेत, थोरलीला गणित येत नाही) आणि चार मिनिटांत कुलपाचा आवाज, जिन्यात बूट, करवत, स्ट्रेचर. तिघे तीन गणवेशांत आले आणि एकाने दुसऱ्याला विचारलं नाही की काय झालंय. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. त्याला अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, मागच्या वेळेसारखं झालं असतं तर टाके घालायला कुणी उरलं नसतं. हे डॉक्टर खुर्च्यांसमोर उभं राहून म्हणाले. तिन्ही साहेबांनी पेटीच्या मंजुरीवर तिथल्या तिथे सह्या केल्या. फक्त पोलिसांच्या साहेबांनी शेरा मारला की बेशुद्ध जखमीने शिस्त मोडली.

मग मी सून जिथून बोलत होती त्या गाडीत गेले. आत पेटी, दिवे, आणि ती पाठमोरी बसलेली. समोर एक कागद चिकटवलेला. मी अक्षरं लावून लावून वाचला. नियम पहिला : बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला. नियम दुसरा : आकडे नकोत, रंग नकोत. माझ्या सासूबाईंना कळेल असं बोला. खाली तिन्ही साहेबांच्या सह्या. मी विचारलं, हे काय गं? मला अडाणी ठरवलंस? ती म्हणाली, नाही आई. तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळतं, आणि नाही कळलं तर तुम्ही तोंडावर सांगता. बाकीचे नुसती मान हलवतात. यावर मी काय बोलले ते लिहीत नाही. चहा पातळ झालाय असं काहीतरी बोलले असेन.

तर रविवारी मी तिला काही सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. शब्द मोडला म्हणून रागवायचं तर रागवा. पण तिच्या सहीच्या आड येणार असाल तर आधी मागच्या जिन्याने तीन मजले चढून दाखवा.

व्याह्यांना नमस्कार. त्यांचा खोकला थांबला की तुमचंच ऐकू येत असेल, तेव्हा थांबवायची घाई करू नये.

तुमची विहीण
(सध्या पूर्ण शुद्धीवर)

ता. क. सुनेने काल सही केली. तीस तारखेची वाट कशाला बघायची, असं मीच म्हटलं. पेन माझं होतं.

ता. क. दुसरा. आता पेटी आणखी बारा गावांत बसवायची आहे, दोन महिन्यांचं काम. प्रत्येक ठिकाणची वाक्यं मला ऐकवून पास करायची, असं तिन्ही साहेबांचंच म्हणणं पडलं, त्यामुळे मलाही जावं लागतंय. (मी नाही म्हणून बघितलं. एकदा.) तेव्हा नातीकडे आणि तुमच्या जावयाकडे बघायला तुम्ही येत्या सोमवारी या. तुमची खोली झाडून ठेवली आहे. जावयाला भात करता येतो असं तो सांगेल. विश्वास ठेवू नका.

ता. क. शेवटचा. हे वाचून तुम्ही लगेच फोन उचलणार, हे मला माहीत आहे. उचला. पण एक श्वास घ्या, मग बोला. आणि ‘येते’ म्हणून झालं की बटण सोडा.