पिवळ्या दिव्याचा बंदोबस्त

२ सप्टेंबर, सकाळी
पिकअपच्या इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी सतरा वर्षांची, बायकोच्या लाँड्रीची. हॉस्पिटलच्या चादरी आणणं-पोचवणं या गाडीवरच. कंत्राट ३० तारखेला संपतंय, आणि पुढचं हवं तर त्याआधी गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट द्यायचं. नाहीतर कंत्राट मोठ्या लाँड्रीला. दिवा लागलेल्या गाडीला सर्टिफिकेट कोण देणार?
बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या वस्तादला दाखवा. वस्ताद म्हणजे शाळेत माझ्या वह्या उतरवून पास झालेला प्राणी. म्हटलं, मी घरात असताना मेकॅनिक कशाला? नोकरी सोडल्यापासून (त्यांनी सोडायला लावली, पण निर्णय माझाच) वेळच वेळ आहे.
संकल्प: एका आठवड्यात निदान.

४ सप्टेंबर
गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर मागवला होता, तो आला. स्टिअरिंगखाली खुपसला. इंधनाची वाफ कुठेतरी गळतेय असा कोड दाखवला. खाली ‘पुसा’ असं बटण. दाबलं. दिवा गेला! एकूण वेळ चार मिनिटं. वस्तादने दोन दिवस लावले असते.
बायकोने विचारलं, नक्की झालं ना? बायकांना विश्वास म्हणून ठेवता येत नाही.

६ सप्टेंबर
पुन्हा लागला. वेगळा आजार असावा. कोड तोच आहे, पण तो योगायोग. पुसला.

९ सप्टेंबर
व्हिडिओ बघून सायलेन्सरवरचा सेन्सर काढायला घेतला. अर्धा निघाला. अर्धा आतच राहिला. हल्ली धातूत दम नाही. अंगठा सुजलाय.
गाडी उघडी पडल्यामुळे बायको चादरींची गाठोडी स्कूटरवरून नेतेय. एका वेळी दोन, अशा सात फेऱ्या. बरं आहे, तेवढीच मोकळी हवा.

११ सप्टेंबर
बायको पाठ धरून कण्हते. विचारात व्यत्यय येतो. तिला तसं सांगितलं. सासूबाई चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

१३ सप्टेंबर
नवा सेन्सर बसला. वेल्डिंगवाल्याने बसवला, पण शेजारी उभा राहून सूचना माझ्या. दिवा तीन तास बंद. मग लागला.
फिटनेस टेस्टची तारीख २० होती. पुढे ढकलून २९ घेतली. बायकोचा चेहरा पडला. म्हणाली, एकच दिवस हातात उरतो हो. म्हटलं, अभ्यासाला घाई चालत नाही.

१४ सप्टेंबर, दुपारी
वस्ताद फाटकापाशी थांबला. कोणी बोलावलं होतं? पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, बोट फिरवलं, म्हणाला, रबर फाटलंय, वाफ इथून जाते, नवं झाकण लाव, चार-पाच दिवस चालव, दिवा आपोआप जाईल. अर्धं मिनिट. हसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.
झाकण म्हणे! मी बारा दिवस राबलो ते झाकणासाठी? बायको आत मशीन लावत होती, तिला ऐकू गेलं नाही. मी आपणहून सांगणार नाही. चुकीची माहिती पसरवू नये.
संध्याकाळी तिने रोजच्यासारखं विचारलं, काही कळलं का? म्हटलं, गुंतागुंतीचं आहे.

१८ सप्टेंबर
झाकण आणून बसवलं. वस्तादच्या सांगण्यावरून नव्हे. जुनं दिसायला वाईट होतं. दिवा स्कॅनरने पुसला.

१९ सप्टेंबर
दिवा लागलेला नाही. सेन्सरचा परिणाम हळूहळू दिसतो, असं माझं निरीक्षण. तरी काळजी म्हणून रोज सकाळी स्कॅनर लावून मेमरी पुसायची. दात घासतो तसं.

२५ सप्टेंबर
सलग सहा दिवस दिवा नाही, रोज पुसणं चालू. बायको पहिल्यांदाच हसली. पाठीला पट्टा बांधूनच, पण हसली. सासूबाईंना म्हणाली, यांनी करून दाखवलं बाई. मी नम्रपणे मान्य केलं.

२९ सप्टेंबर, दुपारी एक
टेस्ट सेंटर. रांगेत पुढे तीन गाड्या. बायको शेजारी, मांडीवर कागदांची फाइल. शेवटची खबरदारी म्हणून रांगेतच एकदा मेमरी पुसली. तिला बटणही दाखवलं.
तपासनीसाने त्याचं मशीन लावलं, भुवया वर केल्या. म्हणाला, गाडीत बिघाड काहीच नाही. पण मेमरी आत्ताच कोणीतरी पुसलीय. दोष लपवायला लोक असंच करतात. कोरी पाटी पास करता येत नाही. आठवडाभर चालवा, काही पुसू नका, मग या.
मी त्याला स्कॅनरचं तंत्र समजावायला लागलो. तो म्हणाला, तुम्ही नुसतं घरी बसला असतात तरी पास झाली असती.
बायकोने माझ्याकडून किल्ली घेतली. परतताना तिनेच गाडी वस्तादकडे वळवली. दहा दिवस पुसत होतो हे मी सांगितलं. वस्ताद म्हणाला, अरे, मी चौदा तारखेलाच झाकण सांगितलं होतं ना?
ही वेळ होती का ते काढायची? माणसाला पोच नाही.

३० सप्टेंबर
हॉस्पिटलच्या मॅनेजरने एक आठवडा द्यायला नकार दिला. बायको त्याच्या टेबलासमोर वीस मिनिटं उभी होती म्हणे. कंत्राट मोठ्या लाँड्रीला गेलं. दोष सरळसरळ तपासनीसाचा. तसं म्हटलं. सासूबाई उठून आत गेल्या.

६ ऑक्टोबर, सकाळी पावणेसात
बायकोला मोठ्या लाँड्रीत काम मिळालं. इस्त्रीचं. त्याच हॉस्पिटलच्या चादरी. बारा वर्षं स्वतःचा धंदा केला तिने.
त्यांची व्हॅन न्यायला आली. म्हटलं, व्हॅन कशाला, मी सोडतो, पिकअप आता ठणठणीत आहे. ती म्हणाली, नको, पहिल्याच दिवशी उशीर व्हायला नको. पट्टा घट्ट केला आणि व्हॅनमध्ये चढली. एक हात आत बसलेल्या दुसऱ्या बाईने धरला.
ती गेल्यावर पिकअप सुरू केली. एकही दिवा नाही. इंजिनाचा आवाज अगदी गोड. मागे एकही गाठोडं नाही.
दहा मिनिटं तसाच बसलो. मग बंद केली.